नववी ओळ, चौथी जागा

ता. ३, सोमवार

पोचले बाई एकदाची! लेकीनं ही कोरी वही हातात दिली आणि म्हणाली, आई, दिवसभर माझे कान खातेस, त्यापेक्षा हिचे खा. वहीला कान नसतात हे तिला कोण सांगणार. पण आवडली मला. पुठ्ठ्यावर बदकं आहेत. पेन्सिल चिमणीनं दिली, स्वतःच्या दप्तरातली, मागं खोडरबर असलेली. चिमणी म्हणजे माझी नात, पाच वर्षांची. तिचे आईबाप दिवसभर कामावर, तिची शाळा सकाळची, म्हणून दुपारच्या राखणीला मला आणलंय. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणार कोण म्हणा!

घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडते आणि गल्लीच्या टोकाला लांबलचक दगडी भिंत दिसते. जेवताना जावईबापू चाचरत म्हणाले, आई, त्या भिंतीपलीकडं दफनभूमी आहे, तुम्हाला भीती तर नाही ना वाटणार? मी म्हटलं, भीती कसली, माझी आई आहे तिथं. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

पण खरंच आहे. मी अंगावर पीत होते तेव्हाच माझी आई गेली, याच गावात. मावशीनं मला दुपट्यात गुंडाळून दूर नेलं, ती आज परत आले, तोंडात दोनच खरे दात उरल्यावर. लेकीची बदली नेमकी इथं व्हावी! ती म्हणते योगायोग. मी म्हणते आईनं बोलावलं. मावशीनं मला काही कमी केलं नाही, पण आई म्हणून हाक मारू दिली नाही. म्हणायची, ती हाक तुझ्या आईची आहे, तिच्यासाठी ठेव. म्हणून ती हाक मी जन्मभर नुसती ऐकली, कुणाला मारली नाही. आता मारणार. तिचं थडगं शोधायचं, बस्स.

ता. ५, बुधवार

चिमणी शाळेत गेल्यावर दफनभूमीच्या कचेरीत जाऊन आले. तिथला कारकून चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर चष्मा शोधत होता. मी सांगितला कुठं आहे ते, तेव्हापासून आमचं जमलं. त्याचं नाव मी चष्मेवाला ठेवलंय. आधी म्हणाला, आजी, इतकं जुनं सापडायचं नाही. मी म्हटलं, बाळा, साल मला पाठ आहे, त्याच साली मी जन्मले. मग त्यानं कपाटातून एक रजिस्टर काढलं, इतकं जाड की त्याच्यावर बसून भाजी चिरावी. आणि सापडली! माझी आई सापडली! जुना भाग, नववी ओळ, चौथी जागा. मी त्याच्या टेबलापाशीच टाळ्या वाजवल्या.

मग नकाशा. कापडावर चिकटवलेला, गुंडाळी सारखी मिटायला बघत होती. एका कोपऱ्यावर त्यानं डबा ठेवला, दुसऱ्यावर मी हात ठेवला. एक फाटक, फाटकाशी एक छोटा गोल, आणि ओळीच ओळी. मी विचारलं हा गोल कसला. तो म्हणाला झाड असेल, पडलं असेल.

एक गोष्ट मात्र वाईट ऐकली. जुना भाग चोवीस तारखेच्या सोमवारी सपाट करणार आहेत. ज्याचं माणूस येऊन थडग्याशी खुंटी ठोकेल त्याची हाडं नव्या भागात नीट हलवणार, बाकी सगळ्यांची एका खड्ड्यात. एका माणसाला एकच खुंटी मिळते. पूर्वी लोकांनी जागा अडवायला दहादहा ठोकल्या म्हणे, म्हणून हा नियम. मी वेळेवर आले, नाहीतर माझी आई कुणाकुणाच्या हाडांत मिसळून गेली असती.

ता. ७, शुक्रवार

आज खुंटी ठोकली. पांढरी रंगवलेली, वर माझ्या नावाची पत्र्याची पट्टी.

जुन्या भागात नावाचे दगड नाहीतच. गरिबांची थडगी, विटेएवढा दगड डोक्याशी ठेवलेला, तोही गवतात बुडालेला. नकाशात फाटकापासून ओळी आहेत, म्हणून फाटकापासून मोजत गेलो. चष्मेवाल्यानं मोजल्या, मी मोजल्या. नववी ओळ पार मागं, काटेरी झुडपांच्या रानाला लागून. तिथं चौथी जागा. चष्मेवाला खुंटी ठोकून निघून गेला. मग मी खाली बसले आणि हाक मारली.

काय सांगू! एकदा तोंड उघडल्यावर पट्टा थांबेचना. सगळी भांडणं काढली. म्हटलं, आई, केस विंचरायला तू नव्हतीस, मावशीचा हात जड होता. भरवायला नव्हतीस. हात धरून अक्षरं काढून घ्यायला नव्हतीस, म्हणून माझी दुसरीत शाळा सुटली. हसले पण आणि रडले पण. निघताना म्हटलं, आता उघड्यावर कशाला राहतेस, चल घरी. गल्लीतलं शेवटून तिसरं घर. पणती बघ तुझी.

फाटकाशी एक चहावाली बसते, तोंडानं फटकळ. माझे डोळे बघून म्हणाली, रडा आजी, पण किटलीपासून लांब रडा, चहा खारट होतो. दोघी खूप हसलो.

ता. १०, सोमवार

गंमतच झाली. दुपारी चिमणीला निजवता निजवता माझा डोळा लागला. उठले तर माझ्या दोन वेण्या घातलेल्या! या पांढऱ्या चार केसांच्या. शेंड्यांना माझ्याच जुन्या लुगड्याची चिंधी. वाटलं चिमणीनंच केलं. पण तिला अजून वेणी येत नाही. आणि भांग असा सरळ होता की दोरी धरून काढावा. केस ओले होते, शेवाळाचा वास येत होता.

लेक संध्याकाळी आली आणि पोट धरून हसली. म्हणाली, आई, शाळेत नाव घालायचंय का तुझं? मी पण हसले. तिला सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे कुणी घातल्या. सत्तरी उलटल्यावर का होईना, आईचा हात लागला. वेण्या सोडल्या नाहीत मी.

ता. १२, बुधवार

आज ताटात जेवण वाढून हात धुवायला गेले. परत येते तर सगळं मऊ कालवलेलं, आणि छोटे छोटे घास करून कडेला मांडलेले. बाळाला भरवताना मांडतात तसे. ताटाभोवती पाण्याचे थेंब. मी एकेक घास खाल्ला आणि प्रत्येक घासाला म्हटलं, आई, छान झालंय.

दुपारी अंगावरची चादर इतकी घट्ट खोचलेली होती की हात बाहेर काढता येईना. लाडच ते. थोडं जास्त घट्ट होतं एवढंच.

ता. १३, गुरुवार

सकाळी थडग्याशी गेले होते. गवत उपटता उपटता वाटलं, मागची झुडपं आईच्या अंगावर येतायत, जरा मोडावीत. काठीनं बाजूला केली तर आत दोन दगडी खांब. जुन्या फाटकाचे. बिजागऱ्यांचे गंजलेले आकडे अजून आहेत. आणि खांबांच्या बाजूला विहीर. वर फळ्या टाकलेल्या, अर्ध्या कुजून आत पडलेल्या.

नकाशातला तो गोल. झाड नव्हतं ते.

नकाशा जुना आहे. नकाशातलं फाटक हे आहे, आत्ताचं नाही. ओळी इकडून मोजायच्या होत्या.

मी उभ्या उभ्या मोजल्या, झुडपांत बुडालेल्या दोन ओळी धरून. इथून नववी ओळ म्हणजे आत्ताच्या फाटकाकडून तिसरी. रोज आत येताना मी तिच्यावरून चालत आलेय. माझ्या आईच्या अंगावरून. आणि इथं, विहिरीशी बसून, कुणाला आई म्हणत होते मी?

ता. १४, शुक्रवार

चष्मेवाल्यानं नकाशा फिरवून बघितला आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, आजी, चूक माझी पण आहे, आपण आपल्या फाटकातून मोजत गेलो. खुंटी हलवता येईल, पण तुम्हीच उपटून तुम्हीच ठोकायची, एकच आहे. मी विचारलं, जिथं ठोकली तिथं कोण आहे. त्यानं रजिस्टर बघितलं. नाव नाही. नुसतं, बाई, विहिरीतून काढलेली.

बाकीचं चहावालीनं सांगितलं. तिनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. ती बाई आमच्याच गल्लीत राहायची. बाळंतपणात पोर गेली. तिनं पोर बघितली पण नाही, आणि गेली यावर विश्वासही ठेवला नाही. रोज दुपारी दारोदार विचारत फिरायची, माझी लेक इथं आहे का. लोक हाकलून द्यायचे. एके दुपारी एका घराचं दार उघडं राहिलं, म्हातारी आजी डुलकी घेत होती, घरात एक छोटी मुलगी. त्या बाईनं तिला विंचरलं, वेण्या घातल्या, भरवलं आणि हाताला धरून विहिरीवर नेलं. काठावर मुलीची पाटी सापडली. त्यावर अक्षरं काढलेली, सुंदर, वळणदार. चिमुरडीच्या हातावर मोठा हात ठेवून गिरवून घेतल्यासारखी. दोघींना बाहेर काढलं तेव्हा मुलीच्या वेण्या सुटल्या सुद्धा नव्हत्या. मग ते फाटक बंद केलं आणि इकडं नवं काढलं.

चहावालीनं विचारलं, आजी, पांढऱ्या का पडलात? मी म्हटलं काही नाही. चहा तसाच राहिला.

विंचरून झालं. भरवून झालं. अक्षरं राहिलीत. मीच मागितलं होतं. तिन्ही मीच मागितली.

ता. १५, शनिवार

आज दुपारी घरात मोठ्यानं सांगितलं. हात जोडून सांगितलं. बाई, माझी चूक झाली. मी तुझी लेक नाही. माझी आई वेगळी आहे. तू जा.

सगळं गप्प झालं. नळ ठिबकत होता तोही थांबला. मग आतल्या खोलीतून पावलं. ओली. एकेका दारापाशी थांबत होती. कपाटापाशी. पलंगापाशी. शोधत होती.

मी नाही, तर कोण – ते ती शोधतेय. देवा, काय बोलून बसले मी.

ता. १७, सोमवार

चिमणीच्या वेण्या.

मी झोपले नव्हते. शपथ घेते. भांडं उचलायला वळले, एवढंच. पोर पलंगावर बसलेली, दोन वेण्या, इतक्या ओढून घातलेल्या की डोळे तिरके झालेले. केसांतून पाणी टपकत होतं. म्हणाली, आजी, गार हाताची आई आली होती. तिनं विचारलं, तू कुणाची गं? मी सांगितलं माझ्या आईची. ती म्हणाली, नाही, माझी.

ता. १८, मंगळवार

लेकीला सगळं सांगितलं. तिनं जावईबापूंकडं बघितलं, त्यांनी खिडकीकडं. मग लेक माझ्याशी बोलू लागली, चिमणीशी बोलते तसं, हळू आणि गोड. आई, तू थकलीयस. वेण्या तूच घातल्यास, तुला आठवत नाही. थडग्यावर जाणं आता बस्स कर. जावईबापू म्हणाले, आई, राग मानू नका, आपण एकदा डॉक्टरांना दाखवू.

दुपारी कुणीतरी घरी थांबा म्हणून पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं मी. सुट्टी मिळत नाही म्हणाले.

ता. २०, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

वाटलं, खुंटीनं ती बांधली गेली, खुंटी काढली की सुटेल. आईही वाचेल. चिमणीला घरी ठेववेना, फाटकाशी चहावालीजवळ बसवलं. म्हटलं, नजर हलवू नका. आत गेले. खुंटी निघेना. खालून कुणी धरावी तशी. पाय रोवून ओढली, तळहात सोलला. निघाली. टोक ओलं होतं, त्याला केस गुंडाळलेले. लांब, काळे.

तिसऱ्या ओळीत आले, माझ्या आईजवळ. दगडानं ठोकली. हाक मारायला तोंड उघडलं –

चहावालीची किंकाळी. पोर नव्हती. गिऱ्हाईकाला कप देईपर्यंत नव्हती.

मला ठाऊक होतं कुठं. झुडपांतून धावले, या गुडघ्यांनी. चिमणी विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून. वेण्या घातलेल्या. एक हात वर, कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा. तिथं कुणी नव्हतं. पण पोरीच्या बोटांवर कुणाची तरी पकड होती, बोटं दबून पांढरी झालेली.

मी ओरडले. आई! ती नाही. मी. मी तुझी लेक. खोटं बोलले होते. सोड तिला, मी येते, खुंटी परत आणते.

बोटं सुटली.

ता. २१, शुक्रवार

खुंटी परत नेली. विहिरीकडच्या जागी. सहज आत गेली, जणू वाट बघत होती.

येताना तिसऱ्या ओळीपाशी बसले. सोमवारी माझ्या आईची हाडं खड्ड्यात जाणार. तिला हाक मारली नाही. मारली असती तर तिकडं ऐकू गेली असती. नुसता हात ठेवला दगडावर. जन्मभर जपून ठेवलेली हाक, भलतीवर खर्च झाली. तिच्यासाठी एकही उरली नाही.

ता. २२, शनिवार

चिमणीला इथून घालवायचं. दुसरं काही नाही.

लेकीला म्हटलं, खरंय तुझं. वेण्या मीच घातल्या. विहिरीवर मीच नेलं. मला कळत नाही मी काय करते. पोरीला माझ्याजवळ ठेवू नको.

लेकीनं माझ्याकडं असं बघितलं – कधी बघितलं नव्हतं. असू दे. माझी पोर तिची पोर घेऊन जाईल, एवढं पुरे.

उद्या विहीणबाईंकडं सोडतील. सोमवारी संध्याकाळी परत येऊन मला डॉक्टरांकडं नेणार.

ता. २३, रविवार

गेले. चिमणी गाडीतून हात हलवत होती. आजी ये, आजी ये. केस कापून टाक तिचे, असं लेकीला सांगितलं. तिनं काच वर केली.

ता. २४, सोमवार

सकाळपासून मशीनचा आवाज. भिंतीपलीकडं. तिसरी ओळ झाली असेल.

आई, माफ कर. ही हाक वहीत आहे, हिला ऐकू येणार नाही.

दुपार. वेण्या घातल्या. घास भरवले. मी नाही म्हटलं नाही. मी एकटीच तुझी, असं सारखं म्हणते. एकटीच.

आता मागं बसलीय. गार. पाणी मानेवरून वहीवर – बदकं भिजली.

हातावर हात ठेवला.

अक्षर बघा. केवढं सुंदर येतंय. मी नाही काढत.

अ. आ. आई. आई. माझी लेक. माझ्या दोन लेकी.

दोन नाही. एकच. मी एक –

दुसरी कुठे आहे. लिही. दुसरी कुठे आहे.

नाही.

लिही. लहानी कुठे राहते. कोणत्या गावी. कोणत्या घरी.

बोटं मोडतील. पेन्सिल सोडता येत नाही. गाव लिहून घेतेय – नाही. नाही लिहिणार. टोक दाबते, मोडू दे. मोड. मो

लहानी राह